नेटवर्क मॉनिटरिंगच्या डॅशबोर्डवरची आकृती : पहिल्यांदाच काढणाऱ्यांसाठी

मॉनिटरिंग सॉफ्टवेअर बसवून झालं, राउटर-स्विच त्यात घातले, आकडे येऊ लागले, की पुढची मागणी ठरलेली असते : 'आता सगळं नेटवर्क एका स्क्रीनवर दिसू दे.' मग नवखा माणूस आयकॉन ओढून रेघा जोडायला बसतो. रंगीबेरंगी नकाशा तयार होतो, भिंतीवरच्या टीव्हीवर लागतो, आणि थोड्याच दिवसांत त्याकडे कोणी बघेनासं होतं. लिंक खरोखर पडते तेव्हा सगळे टर्मिनल उघडून पिंग मारत बसतात. नकाशा मागे हिरवागार झळकत असतो.

कागदपत्रांत ठेवलेली नेटवर्कची आकृती आणि डॅशबोर्डवरची आकृती दिसायला सारख्याच असतात, पण त्यांची जबाबदारी वेगळी. कागदावरची आकृती जुनी झाली तर वाचणारा ते गृहीत धरतो. डॅशबोर्डवरची हिरवी रेघ मात्र 'ही लिंक आत्ता चालू आहे, मी नुकतंच तपासलंय' असा दावा करत असते. म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्या एकाच गोष्टीभोवती फिरतात : आकृतीवरच्या प्रत्येक रंगामागे ताजं मोजमाप हवं, आणि ते नसेल तेव्हा आकृतीने तसं उघड दाखवायला हवं.

आधी प्रश्न लिहा

कोऱ्या कागदावर वरच्या बाजूला एक वाक्य लिहा : ही आकृती बघणाऱ्याला कोणत्या प्रश्नाचं उत्तर हवंय? 'नेटवर्क कसं आहे' हा प्रश्न नव्हे, त्यातून काहीच ठरत नाही. उपयोगी प्रश्न साधारण तीन असतात. बिघाड कुठे झालाय? कोणती लिंक भरत आली आहे? आणि बिघाडाचा फटका कोणाला बसतोय? पहिला प्रश्न रात्रपाळीला बसलेल्या माणसाचा, दुसरा क्षमतेचं नियोजन करणाऱ्याचा, तिसरा ज्याला वापरकर्त्यांचे फोन घ्यावे लागतात त्याचा. तिन्हींसाठी एकच आकृती काढायचा मोह होतो, आणि तिथेच ती बिघडते. पहिली आकृती पहिल्या प्रश्नासाठीच काढा. बाकीच्या नंतर.

काय जोडलंय ते उपकरणांनाच विचारा

आठवणीतून काढलेली आकृती बहुतेक वेळा गेल्या वर्षीच्या नेटवर्कची असते. त्यापेक्षा एलएलडीपी वापरा. आयट्रिपलई ८०२.१एबी या मानकातला हा प्रोटोकॉल कोणत्याही एका कंपनीचा नाही. ज्या उपकरणावर तो चालू असतो ते ठरावीक वेळाने, नेहमीच्या सेटिंगमध्ये दर ३० सेकंदांनी, आपलं नाव आणि पोर्ट शेजाऱ्याला सांगत राहतं. सिस्कोच्या उपकरणांवर त्या कंपनीचा तसाच स्वतःचा प्रोटोकॉल, सीडीपी, तोही असतो. लिब्रेएनएमएससारखी सॉफ्टवेअर ही माहिती गोळा करून कोण कोणाला जोडलंय याचा कच्चा नकाशा स्वतःच काढून देतात.

तो कच्चाच समजा. मीडिया कन्व्हर्टर (तांब्याची केबल फायबरला जोडणारे डबे), साधे अनमॅनेज्ड (सेटिंग नसलेले) स्विच आणि सेवा पुरवठादाराच्या हद्दीतली उपकरणं त्यात दिसत नाहीत. एकदा केबल धरून, पोर्ट बघून खात्री करावीच लागते.

याच वेळी प्रत्येक महत्त्वाच्या इंटरफेसवर डिस्क्रिप्शन लिहून टाका : पलीकडे कोणतं उपकरण, कोणता पोर्ट, आणि लिंक भाड्याची असेल तर पुरवठादाराचा सर्किट क्रमांक. काम कंटाळवाणं आहे, पण आकृतीवरची नावं पुढे इथूनच येणार आहेत. आणखी एक खाचखळगा इथेच लक्षात घ्या. एसएनएमपी, म्हणजे उपकरणांकडून आकडे वाचायचा प्रोटोकॉल, इंटरफेस ओळखायला इंडेक्स क्रमांक वापरतं, आणि काही उपकरणांत रीस्टार्ट झाल्यावर किंवा नवीन कार्ड घातल्यावर तो क्रमांक बदलू शकतो. तुमची रेघ त्या क्रमांकाला बांधलेली असेल, तर एक दिवस ती गुपचूप दुसऱ्याच पोर्टचा ट्रॅफिक दाखवू लागेल. शक्य असेल तिथे इंटरफेसच्या नावाला बांधा.

एका आकृतीत एकच थर

केबल कुठून कुठे जाते ही भौतिक रचना. व्हीलॅन (त्याच केबलवर पाडलेले नेटवर्कचे वेगळे भाग) कुठून कुठे पोहोचतात ही दुसऱ्या थराची. सबनेट (आयपी पत्त्यांचे गट) आणि ट्रॅफिकचा मार्ग ठरवणारे ओएसपीएफ, बीजीपी हे प्रोटोकॉल, ही तिसऱ्या थराची. नवखे लोक तिन्ही एकत्र काढतात आणि मग एकाच रेघेवर पोर्ट क्रमांक, व्हीलॅन आणि आयपी पत्ता अशी गर्दी होते.

गर्दी परवडली, पण गफलत त्याहून वाईट. तिसऱ्या थराच्या आकृतीत दोन साइट्समध्ये दोन स्वतंत्र रेघा दिसतात आणि बघणारा निर्धास्त होतो : एक गेली तरी दुसरी आहे. प्रत्यक्षात दोन्ही एकाच फायबर केबलमधून जात असतात, आणि रस्ता खोदणाऱ्या यंत्राला ओएसपीएफ कळत नाही. 'बिघाड कुठे' या प्रश्नासाठी भौतिक थर घ्या. दोन-चार केबल एकत्र बांधून एलएसीपीने एक लिंक केली असेल, तर तीही सुटी करून दाखवा. बंडलमधली एक केबल गेल्यावर लिंक 'चालू'च राहते, फक्त क्षमता कमी होते, आणि जाड एकेरी रेघेत ते कोणालाही दिसत नाही.

मांडणी : अंतर विसरा, क्रम धरा

भौगोलिक नकाशावर साइट्स ठोकून द्यायची कल्पना आकर्षक असते. पण एका शहरात आठ साइट्स आणि पुढची एक पाचशे किलोमीटरवर, असं असलं की आठांचा गुंता होतो आणि उरलेला पडदा रिकामा राहतो. लंडनच्या भुयारी रेल्वेसमोर हाच पेच होता. हॅरी बेक यांनी १९३१ मध्ये खरी अंतरं सोडून सरळ आणि तिरक्या रेघांचा नकाशा काढला, १९३३ मध्ये तो प्रवाशांसाठी छापला गेला, आणि जगभरच्या मेट्रोंनी पुढे तीच पद्धत उचलली. प्रवाशाला स्थानकांचा क्रम आणि गाडी बदलायची जागा हवी असते. बिघाड शोधणाऱ्यालाही तेच हवं असतं.

साधी, चालणारी मांडणी अशी : सगळ्यात वर बाहेरचं जग म्हणजे इंटरनेट आणि पुरवठादार, त्याखाली फायरवॉल आणि एज राउटर, मग कोअर (नेटवर्कचा कणा), मग डिस्ट्रिब्यूशन (कोअरचा ट्रॅफिक पुढे वाटणारे स्विच), तळाला ॲक्सेस स्विच (वापरकर्ते ज्यांना जोडलेले असतात ते). जोडीने चालणारी उपकरणं शेजारी-शेजारी, एकाच उंचीवर. रेघा एकमेकींना जितक्या कमी छेदतील तितकं बरं. एका पडद्यावर पंचवीस-तीस उपकरणांच्या पुढे जाऊ नका. त्यापलीकडे एक साइट म्हणजे एक चौकोन करा आणि तपशील उपनकाशात टाका. झॅबिक्स या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरमध्ये नकाशात नकाशा घालता येतो, आणि आतल्या नकाशातला बिघाड बाहेरच्या चौकोनावर उमटतो.

ऑटो-लेआउट मात्र टाळा. प्रत्येक वेळी पान उघडल्यावर आयकॉन नव्या जागी जाऊन बसणारे नकाशे प्रात्यक्षिकात छान दिसतात, पण रोज बघणाऱ्याचे डोळे जागेवरून ओळखायला शिकलेले असतात. 'उजवीकडे खाली लाल झालंय' एवढ्यावरून त्याला साइट कळली पाहिजे.

आणि आकृतीत एक चौकोन हमखास राहून जातो : मॉनिटरिंग सर्व्हरचा स्वतःचा. तो कुठल्या स्विचला जोडलाय ते दाखवाच. 'डाऊन' म्हणजे त्या सर्व्हरच्या जागेवरून पोहोचता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. ती जागाच माहीत नसेल तर अर्धं नेटवर्क एकदम लाल झाल्यावर काय समजायचं?

रेघेवरचा आकडा

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्या. इथल्या चुका दिसत नाहीत. आकृती सुबक चालते आणि आकडे खोटे असतात.

इंटरफेस तुम्हाला वेग सांगत नाही, एक मोजणी सांगतो : आतापर्यंत इतके बाइट आत आले, इतके बाहेर गेले. सॉफ्टवेअर दोन वेळच्या मोजणीतला फरक घेतं, मधल्या सेकंदांनी भागतं आणि ८ ने गुणून बिट-प्रति-सेकंद काढतं. हा आठाचा गुणाकार राहिला तर भरलेली लिंक साडेबारा टक्क्यांवर शांत दिसते. दुसरीकडे साठवलेले आकडे पडद्यावर मांडणाऱ्या ग्राफानासारख्या साधनात क्वेरी स्वतः लिहावी लागते, तिथे हे सहज होतं.

जुनी मोजणी ३२ बिटांची असते. ती ४,२९,४९,६७,२९५ पर्यंत जाते आणि पुन्हा शून्यापासून सुरू होते. १०० मेगाबिटची लिंक पूर्ण भरून वाहत असेल तर हा फेरा सुमारे ३४३ सेकंदांत पुरा होतो, म्हणजे दर ५ मिनिटांनी वाचलं तर जेमतेम निभतं. १ गिगाबिटवर तोच फेरा सुमारे ३४ सेकंदांत होतो, आणि दोन वाचनांमध्ये किती फेरे झाले हे सांगायचा काही मार्ग उरत नाही. म्हणून ६४ बिटांचा काउंटर घ्या. त्याच्या नावात 'एचसी' ही अक्षरं असतात. एसएनएमपीच्या पहिल्या आवृत्तीत ६४ बिटांचा काउंटर नाहीच, त्यामुळे उपकरण व्ही२सी किंवा व्ही३ वर जोडलेलं हवं. वेगाच्या आकड्याचंही तसंच : जुन्या इफ-स्पीडमध्ये ४.२९ गिगाबिटच्या वरचा वेग मावत नाही, १० गिगाबिटच्या पोर्टसाठी इफ-हाय-स्पीड वाचावा लागतो.

आता टक्केवारी. सॉफ्टवेअर शंभर टक्के म्हणजे पोर्टचा वेग धरतं. समजा, पोर्ट १ गिगाबिटचा आहे, पण पुरवठादाराशी करार २०० मेगाबिटचा आहे. ट्रॅफिक १९० वर गेला की वापरकर्ते ओरडू लागतात, आणि आकृतीवर ती रेघ १९ टक्क्यांवर निवांत हिरवी. अशा प्रत्येक लिंकची खरी क्षमता हाताने भरा. भारानुसार रेघा रंगवणाऱ्या वेदरमॅप या साधनात त्यासाठी प्रत्येक लिंकला बँडविड्थची वेगळी ओळ असते. इतरत्र होस्ट (उपकरण) किंवा इंटरफेसच्या पातळीवर मॅक्रो, म्हणजे हाताने ठरवलेला आकडा, लिहिता येतो.

रेघ दोन अर्ध्यांत तोडा : एक बाण इकडून तिकडे, दुसरा तिकडून इकडे, प्रत्येकाचा रंग त्याच्या स्वतःच्या भाराप्रमाणे. जाणारा ट्रॅफिक ९० टक्के आणि येणारा ५ टक्के असताना सरासरी काढून पिवळी रेघ दाखवणं म्हणजे दोन्ही बाजूंनी चूक. दिशा लावताना गोंधळ होतोच, कारण एका टोकाचं 'इन' हे दुसऱ्या टोकाचं 'आउट' असतं. सगळीकडे एकच नियम ठेवा. मी कोअरच्या बाजूचा पोर्ट वाचतो, म्हणजे 'आउट' हे नेहमी कोअरपासून दूर जाणारं.

शेवटची अडचण सरासरीची. टोबियास ओटिकर यांनी १९९५ मध्ये एमआरटीजी हे ट्रॅफिकचे ग्राफ काढणारं साधन लिहिलं, तेव्हापासून दर ५ मिनिटांनी वाचण्याची सवय या क्षेत्राला लागली. पाच मिनिटांत तीस सेकंद लिंक तुडुंब भरली आणि उरलेला वेळ रिकामी राहिली, तर आकडा येतो १० टक्के. महत्त्वाच्या अपलिंक दर मिनिटाला वाचा. तरीही काही सेकंदांचे झटके निसटतातच, म्हणून अशा लिंकच्या ग्राफवर टाकून दिलेल्या पॅकेटांची मोजणीही ठेवा. लिंक ४० टक्क्यांवर दिसते आणि पॅकेट मात्र गळताहेत, तर सरासरी तुमच्यापासून काहीतरी लपवतेय.

रंग, आणि रंग नसणं

स्थिती आणि भार वेगवेगळे दाखवा. उपकरणाच्या आयकॉनला स्थिती, रेघेला भार. दोन्हींसाठी नुसता लाल वापरला तर 'लिंक तुटली' आणि 'लिंक भरली' यातला फरक दुरून कळत नाही. तुटलेली लिंक तुटक काढा, भरलेली जाड. रंगापलीकडचा हा आधार आणखी एका कारणासाठी लागतो : लाल-हिरव्याचा फरक नीट न कळणं पुरुषांमध्ये बरंच आढळतं, उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत त्याचं प्रमाण सुमारे ८ टक्के मानलं जातं. तुमच्या पाळीवर असा कोणी असेल आणि त्याने ते कधी बोलूनही दाखवलं नसेल.

नागिऑस या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरने चार स्थितींची जी घडी बसवली ती अजूनही उपयोगी आहे : ठीक, इशारा, गंभीर आणि अज्ञात. नवखे लोक पहिल्या तिघांना रंग देतात आणि चौथीला विसरतात. खरं तर चौथीच सगळ्यांत महत्त्वाची. उपकरणाचा पासवर्ड बदलला, एसएनएमपी बंद पडलं, पोलर (आकडे वाचणारा प्रोग्राम) अडकला, की आकडे यायचे थांबतात. त्या क्षणी आकृतीने काय दाखवायचं? काहीच ठरवलं नसेल तर बहुतेक साधनं शेवटचा आकडा तसाच ठेवतात. ग्राफानाच्या स्टॅट पॅनेलमध्ये न बदलता ठेवलेली निवड 'शेवटचा रिकामा नसलेला आकडा' हीच असते. वर वेळेची खिडकी सहा तासांची असेल, तर पाच तासांपूर्वी मेलेला राउटर तिथे अजून सुखात असतो. त्याऐवजी खिडकी लहान करा, किंवा आकडा किती जुना आहे हे तपासणारी वेगळी अट घाला. झॅबिक्समध्ये ठरावीक वेळात डेटा आलाच नाही हे ओळखणारं फंक्शन आहे. प्रोमिथियस या आकडे गोळा करणाऱ्या साधनात प्रत्येक टार्गेटमागे 'अप' हा मेट्रिक आपोआप येतो, आणि तो शून्य झाला की वाचन फसलं. यापैकी काहीही वापरा, पण 'माहिती नाही' यासाठी राखाडी रंग ठेवा आणि तो दुसऱ्या कशालाही देऊ नका.

राखाडीचा सख्खा शेजारी म्हणजे 'पोहोचता येत नाही'. साइटचा एकमेव राउटर पडला तर त्यामागचे सगळे स्विच लाल होतात आणि मूळ दोषी त्या लाल गर्दीत हरवतो. नागिऑसमध्ये पालक होस्ट, झॅबिक्समध्ये ट्रिगरचं (अलर्टच्या अटीचं) अवलंबित्व, ही सोय नेमकी यासाठीच आहे. ते नीट भरलं की लाल एकच चौकोन राहतो. देखभालीसाठी मुद्दाम बंद केलेल्या उपकरणांना निळसर छटा द्या, नाहीतर दर शनिवारी रात्री लाल बघून लोकांची नजर मरते.

उंबरठ्यांबद्दल थोडक्यात : ७० टक्क्यांना पिवळा, ८५ ला लाल ही सुरुवात ठीक. पण लाल होण्याचा आणि परत येण्याचा आकडा एकच ठेवू नका. ८५ ला लाल आणि ७५ च्या खाली आल्यावरच मोकळा, असं केलं की ८४-८६ वर झुलणारी लिंक मिनिटामिनिटाला लुकलुकत नाही.

लेबल

उपकरणाचं छोटं नाव आणि रेघेवर भार. बस. मॉडेल, सिरियल नंबर, आयपी पत्ता, सॉफ्टवेअरची आवृत्ती हे सगळं क्लिकच्या मागे टाका : आयकॉनवर क्लिक केलं की उपकरणाचं पान, रेघेवर क्लिक केलं की त्या इंटरफेसचा गेल्या २४ तासांचा ग्राफ. भिंतीवरच्या पडद्याला माउस नसतो, तिथे अक्षर खोलीच्या शेवटच्या खुर्चीवरून वाचता आलं पाहिजे. तिथे जाऊन बसून बघा. एका कोपऱ्यात आकृती शेवटची कधी ताजी झाली ती वेळ मोठ्या अक्षरात हवी. ब्राउझर गोठला तर ते कळायला दुसरी खूण नाही.

कोणतं साधन वापरायचं? जे आकडे गोळा करतंय त्याच्याच पोटातलं आधी वापरून बघा. झॅबिक्सचे नकाशे दिसायला साधे असले तरी ट्रिगरशी थेट जोडलेले आहेत, ग्राफानाच्या कॅनव्हास पॅनेलमध्ये दिसण्याची मोकळीक जास्त आणि हाताने करायचं कामही जास्त. वेदरमॅपची सगळी आकृती एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये असते, ती गिटमध्ये ठेवता येते आणि कोणी काय बदललं ते ओळीगणिक दिसतं. मला हा गुण देखण्या आयकॉनांपेक्षा मोलाचा वाटतो.

मोडून बघा

आकृती लावण्यापूर्वी ती खोटं बोलते का ते तपासा. देखभालीच्या ठरलेल्या वेळेत एक बिनमहत्त्वाचा पोर्ट बंद करा आणि घड्याळ लावा. दर मिनिटाला वाचन, सलग तीन वाचनं फसल्यावर अलर्ट, आणि पान दर ३० सेकंदांनी ताजं होतंय, असं असेल तर रेघ तुटक व्हायला साडेतीन-चार मिनिटं लागू शकतात. हा उशीर चालेल का ते सगळ्यांनी मिळून ठरवा. चालत नसेल तर उपकरणाकडून एसएनएमपी ट्रॅप (उपकरणाने स्वतःहून पाठवलेला इशारा) किंवा सिसलॉग (त्याच्या नोंदी) घ्या. लिंक पडल्याची बातमी उपकरण स्वतःहून लगेच पाठवतं. ट्रॅप बहुतेक ठिकाणी यूडीपीवरून, म्हणजे पोच न घेता, येतो आणि वाटेत हरवू शकतो, म्हणून पोलिंग, म्हणजे ठरावीक वेळाने वाचणं, बंद करू नका.

मग बंडलमधली एकच केबल काढा. आकृतीत काही बदललं का? एका उपकरणावर एसएनएमपीचा पासवर्ड मुद्दाम चुकीचा द्या. आयकॉन राखाडी झाला पाहिजे, हिरवा राहता कामा नये आणि लालही होता कामा नये. शेवटी पोलर थांबवा. सगळी आकृती काही मिनिटांत राखाडी व्हायला हवी. ही चाचणी पास न होणारी आकृती भिंतीवर लावू नका.

आकृती बनवण्यात ज्याचा हात नव्हता अशा सहकाऱ्याला बिघाडाच्या वेळी पडद्यासमोर उभं करा आणि 'काय झालंय?' एवढंच विचारा. तो बोट ठेवायला जिथे अडखळेल तिथे मांडणी बदला.

ही आकृती म्हणजे तुमच्या नेटवर्कची पूर्ण कुंडली आहे हेही ध्यानात असू द्या. भिंतीवरच्या पडद्यासाठी फक्त बघण्याचा अधिकार असलेलं वेगळं खातं करा, आणि तो पडदा काचेच्या दारातून किंवा व्हिडिओ कॉलच्या मागे दिसत नाही ना ते पाहा. एसएनएमपी व्ही२सीचा कम्युनिटी स्ट्रिंग, म्हणजे त्याचा पासवर्ड, नेटवर्कवरून उघडाच जातो. उपकरणं व्ही३ चालवत असतील तर तेच वापरा.

नेटवर्कमधल्या बदलाच्या प्रत्येक विनंतीत 'आकृती बदलली का' अशी एक चौकट घाला आणि ती भरल्याशिवाय विनंती बंद होऊ देऊ नका. आठवड्यातून एकदा एलएलडीपीची यादी काढून आकृतीतल्या रेघांशी ताडून बघणारी छोटी स्क्रिप्ट लिहिता आली तर फारच छान. यादीत आहे पण आकृतीत नाही अशी एखादी लिंक पहिल्याच आठवड्यात सापडण्याची शक्यता बरीच असते.